गेलेल्या डोळ्याची जागा

डोळ्यांविषयी बोलावयाचे म्हणजे दृष्टीविषयी बोलावयाचे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. मोतीबिंदू, चष्मा, नेत्रदान या विषयांवर आपण पुष्कळ ऐकले आहे आणि ते ऐकावे तितके थोडेच आहे. आज मी मात्र दृष्टीविषयी बोलणार नाही. अपघाताने ज्याचा डोळाच गेला, त्याच्या चेहऱ्यावर जी जागा मागे उरते, तिच्याविषयी चार शब्द सांगण्याचा माझा विचार आहे. त्या जागेला आपल्या भाषेत खोबण म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे. सुतार लाकडात खोबण पाडतो ती तिच्यात दुसरे काही बसावे म्हणून. बसावयाचे ते बसले नाही, तर खोबणीला अर्थ उरत नाही. डोळ्याच्या खोबणीचेही तसेच आहे. भेद इतकाच की लाकडाची खोबण रिकामी ठेविली तरी तशीच राहते, आणि माणसाची राहत नाही. ती आक्रसते. सारे दुखणे या एका गोष्टीत आहे.

मी वैद्य नव्हे. इस्लामपुरात आणि आसपासच्या खेड्यांत मुलांना शिकविण्यात माझी हयात गेली. शाळामास्तराला मुलांचे डोळे पुष्कळ पाहावे लागतात, आणि ते कशाकशाने जातात हेही त्याला नको तितके कळते. विटीदांडूची विटी, दिवाळीतील फटाका, काटक्यांचा धनुष्यबाण, बाभळीचा काटा, मान झटकणाऱ्या बैलाचे शिंग ही जुनी कारणे. आता पेठ नाक्यावरून जाणाऱ्या हमरस्त्यावर शिरस्त्राणाशिवाय धावणाऱ्या दुचाकींची त्यांत भर पडली आहे. आणखी एक कारण असे आहे की ते सांगितल्यावर पुष्कळांना खरे वाटत नाही. ते म्हणजे तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी. लहान मूल ती हातात घेऊन दाबते, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुन्याने डोळा फुटत नाही, भाजतो. आणि भाजलेला डोळा फुटलेल्या डोळ्याहून कधी कधी अधिक वाईट असतो. कारण चुना बुबुळापाशी थांबत नाही. पापणीच्या आतील मऊ अस्तर आणि डोळ्याचा गोळा ही दोन्ही भाजून एकमेकांस चिकटतात. चुना उडाला तर वैद्याकडे धावण्यापूर्वी घरीच स्वच्छ पाण्याची धार डोळ्यावर धरावी, चांगला अर्धा तास धरावी, पापणी उलटून चुन्याचे कण पुसून काढावे आणि मग निघावे. फुटलेल्या डोळ्याची रीत याच्या अगदी उलट आहे. तेथे पाणी नको, मलम नको, चोळणे नको. रुतलेला काटा किंवा काच उपसून काढू नये. डोळ्यावर दाब न पडेल अशा बेताने एखादी वाटी किंवा कागदी पेला पालथा धरावा आणि तडक रुग्णालय गाठावे.

आमच्या भागात डोळ्याचे दुखणे म्हटले की मिरजेची वाट धरावयाची, ही रीत जुनी आहे. कॅनडातून १८८९ साली या देशात आलेले डॉक्टर विल्यम वान्लेस यांनी मिरजेस रुग्णालय उभारले, त्याचे वर्ष १८९४. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दूरदूरची माणसे बैलगाडीने व आगगाडीने त्यांच्याकडे येत. तेव्हा शस्त्राने डोळ्यास हात लावू देण्याची भीती या मुलखातून बऱ्याच लवकर गेली, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु डोळा वाचविण्यासाठी शस्त्रक्रिया करवून घेणे निराळे आणि डोळा गेल्यानंतर त्याच्या जागेसाठी शस्त्रक्रिया करवून घेणे निराळे. पहिलीसाठी माणूस शेत गहाण टाकील. दुसरीचे नाव काढले की तो विचारतो, ‘आता तेथे आहेच काय?’

तेथे काय असते, ते आधी पाहू. खोबण सात लहानमोठ्या हाडांची बनलेली आहे. तिची तळाची व नाकाकडील भिंत कागदासारखी पातळ असते. तिच्यात सुमारे चोवीस मिलिमीटर व्यासाचा डोळ्याचा गोळा चरबीच्या गादीवर विसावलेला असतो आणि सहा स्नायू त्याला सहा लगामांप्रमाणे फिरवितात. पापण्यांचे आतील अस्तर खाली व वर वळून गोळ्यावर येते. त्या वळणामुळे पापणीच्या मागे एक घळ तयार होते. कृत्रिम डोळा टिकतो तो या घळीत अडकून. घळ भरून आली की कितीही सुंदर डोळा करवून आणा, तो गळून पडेल. घराची कवाडे जशी वर कड्यात व खाली उंबऱ्याच्या खळग्यात बसतात, तसाच हा प्रकार आहे.

गोळा काढला म्हणजे खोबणीतून सुमारे सात मिलिलिटर आकारमानाची वस्तू नाहीशी होते. तेवढी पोकळी वरच्या कवचाने भरून काढावयाची म्हटले, तर ते कवच जड होते, खालची पापणी त्याच्या भाराने लोंबू लागते आणि वरची पापणी आत बुडते. म्हणून शल्यवैद्य पोकळी दोन वाट्यांत भरतात. आत, अस्तराखाली, एक गोळी कायमची पुरतात. आणि वर, पापण्यांच्या मागे, रंगविलेले पातळ कवच बसवितात. आत गोळी पुरण्याची ही युक्ती मँचेस्टरच्या म्यूल्स यांनी १८८५ च्या सुमारास काढली. त्यांची गोळी काचेची होती. त्यांनी डोळा मुळासकट न काढता आतला गर तेवढा काढला आणि पांढरे साल जागेवर ठेवून त्यात ती गोळी शिवली. सालाला स्नायू चिकटलेलेच असतात, त्यामुळे नवा डोळा थोडाफार हलतो. ही रीत आजही चालते. जेथे सालच उरलेले नसते, तेथे सुटे झालेले स्नायू नव्या गोळीला बांधून घेतात.

काचेच्या जागी पुढे ॲक्रिलिक आले, सिलिकोन आले. १९८५ पासून अमेरिकेत आर्थर पेरी यांनी समुद्रातील प्रवाळापासून केलेली गोळी वापरून पाहिली. प्रवाळाच्या खडकाला सूक्ष्म छिद्रे असतात. रासायनिक प्रक्रियेने त्याचे रूपांतर हाडासारख्या द्रव्यात केले, की माणसाच्या रक्तवाहिन्या त्या छिद्रांतून वाढत जातात आणि गोळी शरीराची होऊन राहते. हे प्रवाळ म्हणजे जोशीबुवा अंगठीत घालावयास सांगतात ते तांबडे पोवळे नव्हे, त्याचे पांढरे खडकाळ भाऊबंद होय. पण पोवळ्याने डोळ्याचे काही भले होते असे कोणी म्हटलेच, तर त्याला एवढा एक आधार आहे. ही गोळी महाग पडते, म्हणून आपल्याकडे साध्या ॲक्रिलिकच्या किंवा सिलिकोनच्या गोळ्याच पुष्कळ वापरतात, आणि त्याही नीट बसविल्या तर उत्तम काम देतात.

आता मी आपल्याला दोनशे वर्षांहून अधिक मागे नेतो, आणि तेही लंडनला नव्हे, पुण्याला. तिसऱ्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा कुणबी टिपूच्या हाती सापडला. टिपूच्या लोकांनी त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिले. वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळ विटा-कौले करणाऱ्या कुंभार जातीच्या एका माणसाने त्याला कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले. टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले हे मुंबईकडील दोन इंग्रज डॉक्टर ही क्रिया पाहावयास हजर होते. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये सारी हकीकत छापून आली. ती वाचून कारप्यू नावाच्या शल्यवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तसेच नाक केले, आणि युरोपात या विद्येची पुन्हा सुरुवात झाली. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीचे नाक करण्याची रीत दिलेली आहे हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या कुंभाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही याची खंत मला अधिक वाटते. चित्रकाराचे नाव राहिले, पाहणाऱ्यांची नावे राहिली. करणाऱ्याचे तेवढे गेले.

नाकाची गोष्ट डोळ्याच्या भाषणात कशाला, असे आपण म्हणाल. त्या हकीकतीतील बारकावे ऐका म्हणजे उलगडा होईल. कुंभाराने मेणाचे पातळ नाक करून ते कपाळावर सपाट पसरले आणि त्याभोवती रेघ ओढली. तेवढी कातडी उचलली. पण दोन भुवयांमधील एक पट्टी तोडली नाही. कातडी उलटी फिरवून नाकाच्या जागी बसविली, तेव्हा तिला रक्त मिळत राहिले ते या पट्टीतून. वर काथ भिजवून लावलेली फडकी ठेविली, चार दिवसांनंतर तुपाची फडकी घातली, आणि नवी जागा पकडल्यावर सुमारे पंचविसाव्या दिवशी पट्टी कापून टाकली. याशिवाय आणखी एक गोष्ट त्याने केली. दहाव्या दिवशी नव्या नाकपुड्यांत मऊ कापडाच्या गुंडाळ्या सारून ठेविल्या. का? तर भोके बुजू नयेत म्हणून. शरीरात केलेली नवी पोकळी भरून टाकण्याचा देहाचा स्वभाव आहे, आणि तिच्यात काहीतरी सतत ठेवल्यावाचून ती उघडी राहत नाही, हे त्या कुंभाराला पक्के ठाऊक होते. आजचा नेत्रशल्यवैद्य डोळा काढल्यावर खोबणीत जी पारदर्शक प्लास्टिकची वाटी घालून ठेवतो, तिचे प्रयोजन अक्षरशः हेच आहे.

ही वाटी म्हणजे कृत्रिम डोळा नव्हे. ती दिसावयास ओबडधोबड असते, तिच्यावर बुबुळ नसते, म्हणून घरची माणसे तिला काही किंमत देत नाहीत. पण शस्त्रक्रियेपासून सहा ते आठ आठवडे, सूज उतरून खरा कृत्रिम डोळा बसेपर्यंत, घळ राखण्याचे काम तीच करते. ती पडली आणि परत बसविली नाही, तर अस्तर दिवसेंदिवस आक्रसते. काही आठवड्यांत घळ उथळ होते आणि काही महिन्यांत पापण्या जवळजवळ मिटतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या तालुक्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला बीड जिल्ह्याकडून माणसे येतात. मुकादमाने आणलेली जोडपी कोपी बांधून राहतात आणि पट्टा पडला की परत जातात. त्यांची मुले हंगामापुरती आमच्या शाळेत बसत. त्यांतील चौथीतल्या एका मुलीच्या उजव्या डोळ्यात फडात पडून कापलेल्या उसाचे टोक घुसले. डोळा वाचण्यासारखा नव्हता. एका मोठ्या रुग्णालयात तो काढला, आत गोळी बसविली, वर वाटी घातली आणि दोन महिन्यांनी कृत्रिम डोळ्यासाठी या म्हणून सांगितले. दोन महिन्यांनी हंगाम संपला होता. टायरगाड्या परत फिरल्या. वाटी वाटेत केव्हातरी पडली आणि मातीत गेली.

पुढच्या दिवाळीनंतर ती पुन्हा आली, तेव्हा डोक्यावरचा पदर ती डाव्या हाताने उजव्या गालावर धरूनच वर्गात शिरली. दहा वर्षांच्या मुलीने पदर घेण्याचे काही कारण नव्हते. पापण्यांत दाभण शिरेल इतकीच फट उरली होती. मी तिच्या वडिलांना बोलावून पुन्हा रुग्णालयात जाण्याविषयी सांगितले, तेव्हा तो भला माणूस म्हणाला, ‘गुरुजी, त्या डोळ्यानं तिला दिसायचं तर नाहीच. मग उचल घेऊन हा खर्च कशापायी करायचा?’ प्रश्न खोटा नव्हता. मुकादमाची उचल म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे तो या प्रश्नावर रागावणार नाही. मी त्यांना एवढेच म्हटले, ‘अहो, तिला दिसावे म्हणून नव्हे, तिने मान वर करून चालावे म्हणून.’ त्यावर ते काही बोलले नाहीत. मुलीची आई मात्र कोपीच्या दाराशी उभी होती, ती म्हणाली, ‘आमी येतो.’

आक्रसलेली खोबण पुन्हा मोठी कशी करतात, ते आता थोडक्यात सांगतो. आक्रसणे थोडे असेल, तर घळीचे अस्तर खोल ओढून हाडाच्या कडेशी टाक्यांनी बांधून ठेवतात आणि आत वाटी घालतात. अधिक असेल, तर नवे अस्तर आणावे लागते. ते येते कोठून? खालच्या ओठाच्या किंवा गालाच्या आतील बाजूने. तोंडातील ही त्वचा ओली, मऊ आणि डोळ्याच्या अस्तरासारखीच असते. काढलेली जागा काही आठवड्यांत भरून येते. येथे मला एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. गुटखा आणि सुपारी यांनी ज्याचे गाल आतून पांढरे, ताठ झाले आहेत, ज्याचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, त्याच्या तोंडात असे उसने घेण्याजोगे अस्तर उरत नाही. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. बंदी आहे, एवढेच मी म्हणतो.

तोंडातले अस्तर पुरे पडत नसेल, तर मांडीची किंवा दंडाची पातळ कातडी लावतात. ही रीत पहिल्या महायुद्धातील आहे. एसेर नावाच्या डच शल्यवैद्याने १९१७ साली असे दाखविले, की दंतवैद्य वापरतात त्या मऊ होणाऱ्या लाखेसारख्या द्रव्याचा साचा करून त्यावर कातडी उलटी, म्हणजे कच्ची बाजू बाहेर करून, गुंडाळावी आणि साच्यासकट ती जखमेच्या पोकळीत पुरावी. आठवड्यादोन आठवड्यांनी साचा काढला की पोकळीला नवे अस्तर लागलेले असते. त्याच वर्षी इंग्लंडात गिलीज यांनी जटलंडच्या समुद्री लढाईत पापण्या गमावलेल्या वॉल्टर यो या खलाशाच्या चेहऱ्यावर छातीची कातडी आणून बसविली. त्यांचीही युक्ती कुंभाराचीच. कातडी मूळ जागेशी एका पट्टीने जोडलेली ठेवावयाची, रक्त चालू ठेवावयाचे, मग पट्टी तोडावयाची. गिलीज यांच्याकडे शिकून आलेले नोशीर अंतिया यांनी पुढे पुण्याजवळ कोंढव्यास कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर आणि बसलेल्या नाकांवर काम केले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ही विद्या शिकविली. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात बालकृष्णन यांच्या हाताखाली या शास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९५८ साली. विद्येने पुण्याहून लंडन गाठले आणि तेथून ती परत पुण्यास आली, असा हा दीडशे वर्षांचा फेरा आहे.

आतील गोळीच बाहेर पडली असेल आणि खोबण खोल गेली असेल, तर पोटाच्या किंवा कुल्ल्याच्या कातडीचा वरचा थर खरवडून, खालच्या चरबीसकट एक तुकडा आत बसवितात. त्याने पोकळीही भरते आणि अस्तरालाही आधार मिळतो. लहान मुलांत तर तो तुकडा मुलाबरोबर थोडा वाढतोही. हाडेच मोडली असतील, जसे दुचाकीवरून तोंडावर पडणाऱ्यांचे होते, तर आधी हाडांची भिंत सावरावी लागते. त्यासाठी टिटॅनियम धातूची जाळी वापरतात. छताला भगदाड पडलेल्या घरात पलंग कोठे ठेवावा याची चर्चा करून उपयोग नाही, आधी छत.

आमच्या त्या मुलीला दोन शस्त्रक्रिया लागल्या. पहिलीत ओठाच्या आतील अस्तर लावले, ते थोडे पुन्हा आक्रसले. काही महिन्यांनी दुसरी केली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते, की दुसऱ्यांदा केलेली खोबण पहिल्यासारखी होत नाही, आणि वाटी वेळेवर राखली असती तर यांतले काहीच लागले नसते. त्यांनी ते रागाने सांगितले नाही. वाटीला लाल दोरा ओवून तो गालावर चिकटपट्टीने लावून दिला, म्हणजे पडली तरी हरवणार नाही. एवढ्या मोठ्या विद्येत मला सर्वांत आवडलेली गोष्ट हा दोरा.

कृत्रिम डोळ्याची थोडी माहिती सांगितली पाहिजे. पूर्वी चांगले काचेचे डोळे जर्मनीतील लाउशा गावाकडून जगभर जात. दुसऱ्या महायुद्धात तो पुरवठा बंद पडला, तेव्हा सैन्यातील दंतवैद्यांनी कवळीच्या ॲक्रिलिकपासून डोळे करून पाहिले. ते फुटत नाहीत, घासता येतात, कमीजास्त करता येतात. तेव्हापासून कवळी आणि डोळा एकाच द्रव्याचे झाले. बाजारात तयार डोळेही मिळतात आणि ते स्वस्त असतात. पण तयार चप्पल जशी सर्वांच्या पायास होत नाही, तसा तयार डोळा सर्वांच्या खोबणीस होत नाही. खोबणीचा ठसा घेऊन, दुसऱ्या डोळ्याकडे पाहत बुबुळाचा रंग हाताने भरून जो करतात, तो खरा. पांढऱ्या भागावर रेशमाचे तांबडे धागे बसवून शिरा दाखवितात. हे काम पाहणे हा एक आनंदच आहे. त्यात वैद्यापेक्षा मूर्तिकाराचा अंश अधिक. डोळा रात्री काढून ठेवण्याची बहुधा गरज नसते. साबणाच्या पाण्याने धुवावा, वर्षातून एकदा पॉलिश करून घ्यावा, आणि साधारण पाच वर्षांनी नवा करावा. वाढत्या मुलांना तो याहून लवकर बदलावा लागतो. कारण खोबणीत भरीव काही असेल तरच हाडांची वाढ नीट होते, नाहीतर चेहऱ्याची एक बाजू लहान राहते.

दुसऱ्या, शाबूत डोळ्याची काळजी हा याच विषयाचा भाग आहे. एका डोळ्यास खोल इजा झाली, तर क्वचित काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसराही सुजून दृष्टी जाण्याचा धोका असतो. आंधळ्यांसाठी लिपी शोधणारा लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना बापाच्या चर्मकामाच्या अरीने त्याचा एक डोळा फुटला, आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही गेले. या भयाने पूर्वी फुटलेला डोळा चौदा दिवसांच्या आत काढून टाकण्याचा नियम होता. आज आधी डोळा शिवून वाचविण्याचा प्रयत्न करतात, आणि दुसरा डोळा लाल झाला, उजेड सोसेनासा झाला तर त्यावर औषधेही आहेत. म्हणून डोळा गेल्यावरही तपासणी चालू ठेवावयाची ती राहिलेल्या डोळ्यासाठी. अशा माणसाने शेतात, कारखान्यात आणि गाडीवर न फुटणारा चष्मा लावावा, नंबर असो वा नसो.

एका डोळ्याने जगता येते का, असे मला पुष्कळ पालक विचारीत. खोलीचा अंदाज प्रारंभी चुकतो. चहा कपाबाहेर पडतो, जिन्याची शेवटची पायरी फसविते, सुईत दोरा जात नाही. काही महिन्यांत मेंदू नवी सवय लावून घेतो. मन्सूर अली खान पतौडी यांचा उजवा डोळा १९६१ च्या जुलैत इंग्लंडात मोटारीच्या अपघातात निकामी झाला. त्याच वर्षी डिसेंबरात ते भारताकडून कसोटी सामना खेळले आणि पुढल्या वर्षी, एकविसाव्या वर्षी, संघाचे कर्णधार झाले. सर्वांना हे साधणार नाही, पण कपात चहा ओतणे सर्वांना साधते. वर्गात अशा मुलाला कोठे बसवावे, हे मात्र शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. उजवा डोळा गेला असेल तर त्याला वर्गाच्या उजव्या कडेला बसवावे, म्हणजे फळा आणि सोबती दोन्ही त्याच्या चांगल्या बाजूस येतात. सरकारदरबारी त्याला बहुधा काही मिळत नाही. दुसरा डोळा चांगला असेल तर अपंगत्व तीस टक्के धरतात आणि सवलतींची रेषा चाळीसवर आहे.

जे मिळते ते लोकांकडून, आणि ते म्हणजे नाव. काणा, एकाक्ष, चकणा. प्रवासास निघताना काणा समोर आला तर परत फिरणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि ती अडाणी नव्हती. झारीतील शुक्राचार्य हा शब्दप्रयोग आपण रोज करतो. बळीच्या दानाच्या वेळी झारीच्या तोटीत बसलेल्या शुक्राचार्यांचा डोळा वामनाच्या दर्भाने फुटला, ही कथा प्रत्येक मुलाला येते. पण डोळा फुटल्यावर शुक्राचार्यांचे गुरुपद कोणी काढून घेतले नाही, त्यांची विद्या कमी झाली नाही, हे सांगावयाचे आपण विसरतो. कथेने त्यांना एकाक्ष केले आणि आचार्यही ठेवले.

माझी वेळ संपत आली. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी रुग्णालय सोडण्यापूर्वी चार प्रश्न विचारून घ्यावे. आत गोळी बसविली आहे काय? वाटी किती दिवस ठेवावयाची? कृत्रिम डोळ्यासाठी कोणत्या तारखेस यावयाचे, आणि त्या वेळी आम्ही दुसऱ्या जिल्ह्यात असू तर तेथे कोणाकडे जावे? चौथा प्रश्न, वाटी पडली तर काय? याचे उत्तर मीच देऊन ठेवतो. उकळून निवविलेल्या पाण्याने ती धुवावी, हात धुऊन जशी होती तशी बसवावी. बसत नसेल तर स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, जवळच्या नेत्रवैद्याकडे न्यावी.